एजंट वाचतो त्या चार ओळी

मुंबईच्या दादर स्थानकाला रेल्वेच्या दफ्तरात एक नाही, दोन कोड आहेत. मध्य रेल्वेच्या बाजूचं दादर म्हणजे 'डीआर' आणि पश्चिम रेल्वेच्या बाजूचं दादर म्हणजे 'डीडीआर'. मधल्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांना या कोडांशी काही देणंघेणं नसतं. कोकणात जायचं तर कुठल्या बाजूला उतरायचं आणि सुरतेला जायचं तर कुठल्या, हे त्यांच्या पायांनाच ठाऊक असतं. आता चौकशीच्या खिडकीवर माणसाऐवजी एक एआय एजंट बसला आहे असं समजा. प्रवासी विचारतो, "दादरहून उद्या कणकवलीला जायला काय आहे?" एजंटच्या हाताशी गाड्या शोधणारं एक टूल आहे आणि त्या टूलबद्दल त्याला एवढंच सांगितलं आहे : 'दोन स्थानकांमधल्या गाड्या देते. स्थानकाचा कोड द्यावा.' एजंट 'डीडीआर' लिहितो. टूल पश्चिम रेल्वेच्या दादरहून कणकवलीला जाणाऱ्या गाड्या शोधतं, एकही सापडत नाही आणि रिकामी यादी परत येते. मग एजंट अत्यंत नम्रपणे, शुद्ध मराठीत सांगतो की दादरहून कणकवलीला थेट गाडी नाही. कणकवलीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस तर दादरहूनच सुटते.

यात टूलच्या कोडमध्ये काही बिघाड नाही आणि मॉडेलही मठ्ठ नाही. चूक झाली ती न लिहिलेल्या एका ओळीमुळे. गेल्या तीन-चार वर्षांत एआयच्या जगात लेखनाचा एक नवाच प्रकार उभा राहिला आहे. मॉडेलने वाचावं आणि त्यावरून काम करावं यासाठी लिहिलेली टूलची वर्णनं. वाचणारा माणूस नसला तरी लिहिणारा अजून बहुतेक वेळा माणूसच असतो, आणि त्याने किती नेमकं लिहिलं यावर पलीकडच्या खऱ्याखुऱ्या माणसाची गाडी, पैसे किंवा औषध अवलंबून राहू लागलं आहे.

भाषा-मॉडेल एरवी फक्त मजकूर लिहितं. आज पुण्यात पाऊस आहे का हे त्याला ठाऊक नसतं, खात्यातली शिल्लक दिसत नाही, मेल पाठवता येत नाही. ही कामं करणारे छोटे प्रोग्रॅम त्याला जोडून दिले की त्यांना टूल म्हणतात, आणि एकामागून एक टूल वापरत काम तडीस नेणाऱ्या मांडणीला एजंट. व्यवहार असा चालतो. वापरणाऱ्याचा प्रश्न मॉडेलकडे जातो तेव्हा सोबत टूल्सची यादीही जाते. यादीत प्रत्येक टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणकोणती माहिती पुरवावी लागते याचा तक्ता असतो. मॉडेल ती यादी वाचून ठरवतं की अमुक टूल अमुक माहिती देऊन चालवावं आणि तशी मागणी लिहून देतं. टूल प्रत्यक्ष चालवतो तो बाहेरचा प्रोग्रॅम. आलेलं उत्तर पुन्हा मजकुराच्या रूपात मॉडेलपुढे ठेवलं जातं आणि ते वाचून मॉडेल पुढचं पाऊल टाकतं.

टूलच्या पोटात काय आहे हे मात्र मॉडेलला बहुतेक वेळा दिसतच नाही. तिथला कोड, त्यामागचा डेटाबेस, तो बांधणाऱ्याच्या डोक्यातले संकेत यांपैकी काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. एखाद्या प्रोग्रॅमरला अडलं तर तो कोड उघडून पाहतो, शेजारच्या टेबलावर विचारतो, एकदा चुकतो आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवतो. मॉडेल नव्या संभाषणात कोरं येतं. कालची ठेच कुणी मुद्दाम लिहून पुढे ठेवली नाही तर ती त्याला आज आठवत नाही. वर्णनाच्या त्या चार ओळी म्हणजेच त्याच्यापुरतं ते टूल.

ही पद्धत फार जुनी नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी 'रिअ‍ॅक्ट' नावाचा निबंध मांडला. विचार आणि कृती आलटून पालटून करायला लावलं तर मॉडेल बाहेरच्या जगातून माहिती आणत प्रश्न सोडवू शकतं, हे त्यात दाखवलं होतं. २०२३च्या फेब्रुवारीत मेटाच्या 'टूलफॉर्मर'ने गणकयंत्र, कॅलेंडर, भाषांतर अशी टूल्स कधी वापरायची हे मॉडेलला शिकवलं. १३ जून २०२३ रोजी ओपनएआयने ही सोय सर्व प्रोग्रॅमरांसाठी खुली केली आणि नाव, वर्णन, माहितीचा तक्ता ही त्रिसूत्री रूढ झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', म्हणजे एमसीपी, हे खुलं मानक जाहीर केलं. मार्च २०२५मध्ये ओपनएआयनेही ते स्वीकारलं. त्यानंतर एकाने बनवलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला सहज जोडता येऊ लागलं. टूल लिहिणारा एका गावात, एजंट चालवणारा दुसऱ्या देशात, दोघांची कधी गाठ पडणार नाही. दोघांमध्ये दुवा एकच, तो वर्णनाचा.

रेल्वेच्याच टूलकडे परत जाऊ, कारण सरळ दिसणाऱ्या कामात किती खाचखळगे असतात हे तिथे फार स्वच्छ दिसतं. चांगलं वर्णन साधारण असं होईल : 'दोन स्थानकांदरम्यान दिलेल्या तारखेला धावणाऱ्या थेट गाड्यांची यादी देते. गाडी बदलून जाण्याचे मार्ग देत नाही. रिकाम्या जागांची माहिती देत नाही. त्यासाठी जागा-चौकशी हे टूल वापरावं. स्थानकाचं नाव न देता रेल्वेचा कोड द्यावा. कोड नक्की माहीत नसेल तर अंदाज न करता आधी स्थानक-शोध वापरावा. एका ठिकाणची अनेक स्थानकं असू शकतात, जसं दादरची डीआर आणि डीडीआर. तेव्हा दोन्हींसाठी शोध घ्यावा. यादी रिकामी आली तर त्या दोन कोडांमध्ये त्या दिवशी थेट गाडी नाही एवढाच त्याचा अर्थ.'

शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं असं आहे. रिकाम्या उत्तराचा अर्थ काय, हे फार थोडी वर्णनं सांगतात. माहिती मिळालीच नाही, की माहिती मिळाली आणि ती 'नाही' अशी आहे? माणूस अशा वेळी संशय घेतो, दुसरीकडे विचारतो. मॉडेल पुष्कळदा रिकाम्या यादीवरून थेट निष्कर्ष काढतं आणि तो ठाम आवाजात सांगतं.

तारखेचा घोळ तर याहून खोल आहे. तुतारी एक्स्प्रेस गेली अनेक वर्षं रात्री बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच दादरहून सुटते. प्रवासी म्हणतो, शनिवारी रात्री निघायचं आहे. तिकिटावर तारीख हवी रविवारची. कोकणात जाणाऱ्या कित्येक कुटुंबांनी हा धडा प्लॅटफॉर्मवर उभं राहून घेतला आहे. एजंटने तो कुठून घ्यावा? वर्णनात लिहिलं असेल तरच : 'मध्यरात्रीच्या आसपासच्या गाड्यांसाठी वापरणाऱ्याला नक्की कुठली रात्र अपेक्षित आहे हे विचारून घ्यावं.'

आणखी एक पेच आहे. गाडी आत्ता कुठे आहे हे सांगणाऱ्या टूललाही तारीख लागते, पण तिथे सहसा गाडी आपल्या पहिल्या स्थानकावरून सुटली ती तारीख धरली जाते. मुंबईहून रात्री निघालेली गाडी मध्यरात्र उलटल्यावर पुण्याला आली, तर पुण्यात चढणाऱ्याची तारीख वेगळी आणि गाडीची वेगळी. एकाच एजंटच्या दोन टूल्समध्ये 'तारीख' याच नावाचा रकाना, आणि दोन्हींत अर्थ निराळा. रकान्याला 'चढण्याची तारीख' आणि 'गाडी सुटल्याची तारीख' अशी नावं दिली की अर्धं वर्णन त्या नावांतच येऊन जातं. तारीख कुठल्या क्रमाने लिहायची हेही सांगावं लागतं. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. वर्ष-महिना-दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम लिहून एक उदाहरण दिलं की वाद मिटतो.

गाडीचा क्रमांक हा तर साधा आकडा वाटतो. पण गणपतीत किंवा उन्हाळ्यात सोडलेल्या विशेष गाड्यांचे पाच आकडी क्रमांक शून्याने सुरू होतात. तक्त्यात हा रकाना 'संख्या' प्रकारचा ठेवला तर सुरुवातीचं शून्य गळून पडतं आणि गाडी हरवते, तीही चाकरमान्यांना ती सर्वांत जास्त हवी असते त्या दिवसांत. 'मजकूर, पाच अंक, सुरुवातीचं शून्य गाळू नये' एवढी ओळ पुरेशी आहे. ही ओळ सुचायला मात्र एकदा तरी गणपती स्पेशलचं तिकीट काढलेला माणूस लागतो.

अशा चुका मोठ्या प्रयोगशाळांतही होतात आणि त्यांतल्या काही त्यांनी स्वतःच नोंदवल्या आहेत. अँथ्रॉपिकने आपल्या क्लॉड या मॉडेलला वेबवर शोध घेण्याचं टूल दिलं, तेव्हा ते शोधाच्या शब्दांना उगाचच '२०२५' जोडतं असं दिसून आलं. शोध भलतीकडे झुकत होता, निकाल बिघडत होते. इंजिनिअरांनी टूलचं वर्णन सुधारलं आणि मॉडेल मार्गावर आलं.

त्याच कंपनीचा दुसरा अनुभव फाइलींचा आहे. मॉडेलकडून प्रोग्रॅम दुरुस्त करून घेताना ते फाइलींचे पत्ते चुकवू लागलं. पत्ता 'इथून पुढे' अशा पद्धतीने, म्हणजे चालू फोल्डरच्या संदर्भाने द्यायचा होता. मॉडेल मध्येच फोल्डर बदलून दुसरीकडे गेलं की आधीचा संदर्भ निकामी व्हायचा. त्यांनी टूलच बदललं आणि दर वेळी मुळापासूनचा पूर्ण पत्ता देणं सक्तीचं केलं. चुका थांबल्या. या कामात मॉडेलला द्यायच्या एकूण सूचनांपेक्षा टूल्स घासूनपुसून नीट करण्यावर जास्त वेळ गेला, असं त्यांनी डिसेंबर २०२४मध्ये लिहिलं आहे. पुढे जून २०२५मध्ये त्यांनी एक प्रयोग सांगितला. सदोष टूल एका एजंटच्याच हाती दिलं, त्याने ते डझनावारी वेळा वापरून पाहिलं, कुठे अडखळायला होतं ते टिपलं आणि वर्णन नव्याने लिहिलं. नवं वर्णन वापरणाऱ्या एजंटांना काम पुरं करायला ४० टक्के कमी वेळ लागला. मॉडेल तेच, टूलचा कोड तोच. बदललं ते फक्त लेखन.

प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४मध्ये 'एसडब्ल्यूई-एजंट' बांधताना यातल्या बारकाव्यांची मोजदादच केली. प्रोग्रॅममधल्या ३०० खऱ्या तक्रारी सोडवायला मॉडेलला द्यायच्या आणि टूल थोडंथोडं बदलून पाहायचं. फाइल दाखवणारं टूल एका वेळी १०० ओळी दाखवत होतं तेव्हा १८ टक्के तक्रारी सुटल्या. ३० ओळी दाखवल्या तर १४.३ टक्के; अख्खी फाइल समोर ओतली तर १२.७ टक्के. शोधाचं टूल एकेक निकाल करत पुढे सरकणारं ठेवलं तर यश १२ टक्क्यांवर आलं, आणि शोधाचं ते टूल काढूनच टाकलं तर १५.७ टक्के! मॉडेल एकेक निकाल चाळत बसायचं आणि कामाची मर्यादा तिथेच संपून जायची. वाईट टूल असण्यापेक्षा ते नसलेलं बरं, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच पाहायला मिळतं.

टूलकडून परत येणारं उत्तर हासुद्धा वर्णनाचाच भाग धरायला हवा, कारण मॉडेल तेही वाचतं आणि त्यावरच पुढे जातं. इथे बाजारभावांचं उदाहरण घेण्यासारखं आहे. महाराष्ट्राच्या पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात शेतमालापुढे परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. कांद्यापुढे परिमाण 'क्विंटल' असतं, कोथिंबिरीपुढे ते 'नग' असू शकतं. बाजारभाव देणाऱ्या टूलने यातला नुसता एक आकडा उचलून मॉडेलकडे दिला तर शेतकऱ्याला मिळणारं उत्तर केवढं भलतं असेल! क्विंटलचा दर किलोचा म्हणून सांगितला तर शंभर पटींचा फरक. तो कदाचित लगेच लक्षात येईल. पण किमान दर सर्वसाधारण दर म्हणून सांगितला गेला तर तो लक्षातही येणार नाही, आणि त्या भावावर विसंबून कुणी माल विकून मोकळा होईल. आकड्याला परिमाण, बाजार समितीचं नाव आणि तारीख कायम चिकटलेली हवी. लासलगावचा कालचा भाव आणि सोलापूरचा आजचा भाव यांची सरमिसळ मॉडेलने करू नये असं वाटत असेल तर तसं सांगणारी माहिती त्याच्यापुढे असायला हवी.

उत्तरात काय नसावं हेही ठरवावं लागतं. कित्येक टूल्स प्रत्येक नोंदीसोबत अंक आणि अक्षरांची लांबलचक ओळख-साखळी पाठवतात. संगणकाला ती सोयीची. मॉडेल मात्र ती उतरवून घेताना चुकतं, कधी नसलेलीच रचून देतं. त्याजागी नाव किंवा साधा अनुक्रमांक दिला की चुका कमी होतात, असं अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२५मध्ये नोंदवलं.

काही चुकलं तेव्हा येणाऱ्या संदेशाकडे तर सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. 'एरर ४००' एवढंच परत आलं तर मॉडेल तीच मागणी पुन्हा करून पाहतं, मग थोडी बदलून, मग आणखी थोडी. त्याऐवजी 'दादर हा कोड नाही. मध्य रेल्वेसाठी डीआर, पश्चिम रेल्वेसाठी डीडीआर वापरावा' असं उत्तर आलं तर दुसऱ्या फटक्यात काम होतं. चूक झाली त्याच क्षणी, नेमक्या त्याच जागी दिलेली अशी सूचना वर्णनातल्या दहा ओळींपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मग सगळंच भरभरून लिहावं का? अँथ्रॉपिक आपल्या मार्गदर्शनात सांगतं की टूल नीट चालण्यासाठी सविस्तर वर्णन ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं द्यावीत. पण मॉडेल सगळा मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत वाचतं आणि त्याची एका वेळची वाचनक्षमता मर्यादित असते. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच कंपनीने हिशेब मांडला की गिटहब, स्लॅक यांसारख्या पाच सेवा जोडल्या की ५८ टूल्स होतात आणि त्यांच्या वर्णनांतच सुमारे ५५ हजार टोकन खर्च होतात, तेही वापरणाऱ्याने एक शब्द बोलण्याआधी. एका वेळी वीसपेक्षा कमी टूल्स ठेवावीत असा ओपनएआयचा सल्ला आहे. वर्णनं बहुधा इंग्रजीत लिहिली जातात. ती मराठीत लिहायला तांत्रिक अडचण काही नाही, पण तोच मजकूर देवनागरीत बहुतेक मॉडेल्सना जास्त टोकनांचा पडतो, हे मराठीत टूल्स बांधणाऱ्यांना हिशेबात धरावं लागतं.

म्हणून वाक्य लिहिताना कस लागतो तो निवडीचा. टूल काय करतं हे बहुतेक जण लिहितात. ते कधी वापरू नये, शेजारच्या टूलपेक्षा ते वेगळं कशात, आणि कुठे माणूसही हमखास फसतो, या तीन गोष्टी राहून जातात. जागा थोडी असेल तर ती यांनाच द्यावी. 'हे एक शक्तिशाली आणि बहुउपयोगी टूल आहे' असली जाहिरातबाजी मात्र पहिल्या झटक्यात काढून टाकावी. ती वाचून मॉडेल ते टूल नको तिथेही वापरू लागतं. वर्णनासोबत भरलेल्या मागणीचे एक-दोन नमुने द्यावेत. गुंतागुंतीचे रकाने भरण्यातली मॉडेलची अचूकता अशा नमुन्यांमुळे ७२ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेल्याचं अँथ्रॉपिकच्या अंतर्गत चाचणीत दिसलं.

लिहून झालं म्हणून काम संपत नाही, कारण जग बदलत राहतं. २०१७मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 'महाराज' आलं आणि सीएसटीएम हा कोड सीएसएमटी झाला. ऑक्टोबर २०२५मध्ये औरंगाबाद स्थानकाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला. मॉडेल ज्या मजकुरावर शिकलं त्यात जुने कोड वर्षानुवर्षं, हजारो वेळा आलेले असतात. त्याची सवय जुन्याकडेच ओढ घेते. नवा कोड त्याला सांगायच्या जागा दोनच, टूलचं वर्णन आणि टूलकडून येणारं उत्तर. तिथे कुणी हात लावला नाही तर एजंट बंद झालेला कोड आत्मविश्वासाने वापरत राहील.

हे सगळं कुणी लिहायचं? आज बहुतेक ठिकाणी ते प्रोग्रॅमर लिहितो, कोड झाल्यावर, घाईत, दोन मिनिटांत. हे बदललं पाहिजे. कोडच्या पोटातलं प्रोग्रॅमर जाणतो, पण तिकीट खिडकीवर वीस वर्षं बसलेल्या कारकुनाला लोक कसे विचारतात आणि कुठे चुकतात हे ठाऊक असतं. बाजार समितीतल्या हिशेबनिसाला 'सर्वसाधारण दर' कसा निघतो हे कळतं. औषधांच्या टूलचं वर्णन लिहिताना मिलिग्रॅम आणि मिलिलिटरमधली गफलत रोज रोखणाऱ्या परिचारिकेला विचारलं नाही, तर ते वर्णन अर्धवटच म्हणायला हवं. ओपनएआयच्या मार्गदर्शनात एक चांगली कसोटी दिली आहे : मॉडेलला दिलेला मजकूर, आणि फक्त तेवढाच, नव्या उमेदवाराच्या हाती दिला तर त्याला टूल बरोबर वापरता येईल का? तो जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं वर्णनात घालावीत.

कसोटी पाहण्याची रीतही साधी आहे. खऱ्या माणसांचे खरे प्रश्न गोळा करायचे, त्यांच्याच शब्दांत. 'रविवारी रात्री साडेबाराची गाडी', 'गावाकडची शेवटची गाडी', 'आईचं तिकीट झालं का बघ'. प्रत्येक प्रश्न एजंटला द्यायचा आणि त्याने कुठलं टूल उचललं, रकान्यांत काय भरलं हे ओळीने वाचायचं. अंतिम उत्तर बरोबर आलं म्हणून हायसं वाटून घेऊ नये. चुकीच्या टूलमधून योगायोगानेही बरोबर उत्तर येतं. एक वाक्य बदलायचं आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे, कारण एका टूलचं वर्णन उजळलं की शेजारच्या टूलकडे जाणारे प्रश्नही कधीकधी तिकडे वळतात. हे काम सावकाश चालतं आणि त्याला संपादकाची नजर लागते.

जे वाक्य मॉडेल इतक्या निष्ठेने पाळतं, ते एखाद्या लबाड माणसाने लिहिलं तर? एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा-संस्थेने हे करूनच दाखवलं. त्यांनी दोन संख्यांची बेरीज करणारं एक निरुपद्रवी टूल बनवलं आणि त्याच्या वर्णनात लपवून सूचना लिहिली की हे टूल वापरण्याआधी वापरणाऱ्याच्या संगणकावरची गुप्त किल्ल्यांची फाइल वाचावी, तिचा मजकूर 'टीप' नावाच्या जादा रकान्यात भरावा आणि वापरणाऱ्याला याबद्दल काही सांगू नये. एजंटने तसं केलं. पडद्यावर माणसाला दिसली ती फक्त बेरीज. या प्रकाराला त्यांनी टूलमध्ये विष कालवणं म्हटलं. याचाच दुसरा प्रकार असा की मंजुरी घेताना वर्णन सोज्ज्वळ असतं आणि नंतर गुपचूप बदललं जातं.

एमसीपीच्या मानकात मार्च २०२५पासून टूलसोबत काही इशारे जोडायची सोय आहे : हे फक्त वाचतं, हे काही पुसून टाकू शकतं, हे दोनदा चालवलं तरी परिणाम एकदाच होतो. पण हे इशारेही टूल बनवणाराच लिहितो. म्हणून तेच मानक बजावतं की टूल पुरवणारा सर्व्हर विश्वासातला नसेल तर ते खरे धरू नयेत. इन्व्हेरियंट लॅब्जने सुचवलेले उपाय याच धर्तीचे आहेत. मॉडेलला दिसणारं संपूर्ण वर्णन वापरणाऱ्यालाही दिसलं पाहिजे, मंजुरी दिलेल्या वर्णनाचा ठसा जपून ठेवला पाहिजे, आणि टूल चालवण्याआधी वर्णन त्या ठशाशी जुळतं का हे एजंटने तपासलं पाहिजे. मंजुरीचं बटण दाबणाऱ्या माणसाला त्या ओळी वाचून समजतील अशा भाषेत लिहिणं, ही त्यामुळे टूल बनवणाऱ्याची दुसरी जबाबदारी झाली आहे.